पॉण्टवरून पलीकडे : सेंडेलिंग्सड्रिफ्टला गाडीसह ऑरेंज नदी ओलांडताना

दक्षिण आफ्रिकेतून नामिबियात गाडीने जाणारे बहुतेक लोक एन-७ महामार्गाने सरळ उत्तरेला जातात, फियूल्सड्रिफच्या पुलावरून ऑरेंज नदी ओलांडतात, पलीकडे नूर्डूवरला शिक्के मारून घेतात आणि पुढे निघतात. ही सीमा चोवीस तास उघडी असते आणि रस्ता डांबरी आहे. घाई असेल तर तीच वाट धरावी.

हा लेख दुसऱ्या वाटेबद्दल आहे. फियूल्सड्रिफच्या बऱ्याच पश्चिमेला, रिख्टर्सफेल्डच्या उघड्याबोडक्या डोंगरांमध्ये सेंडेलिंग्सड्रिफ्ट नावाची जागा आहे. तिथे पूल नाही. लोखंडी तराफ्यावर गाडी चढवायची आणि नदीपलीकडच्या देशात उतरायचं. या तराफ्याला तिकडे सगळे ‘पॉण्ट’ म्हणतात. ‘सेंडेलिंग’ म्हणजे आफ्रिकान्स भाषेत मिशनरी आणि ‘ड्रिफ्ट’ म्हणजे नदीचा उतार. आपल्याकडे ‘नदीला उतार आहे का?’ असं विचारतात, त्यातला उतार. नावातच प्रश्न आहे आणि या वाटेने निघणाऱ्याने तो रोज विचारायचा असतो: आज उतार आहे का?

कारण पॉण्ट चालेल की नाही हे नदी ठरवते. पाणी चढलं की तो बंद. वारा फार सुटला तरी बंद. म्हणून माझा पहिला सल्ला असा की आधी परत फिरण्याची योजना करा आणि मग जाण्याची. बहुतेक प्रवासवर्णनांत हा भाग शेवटी, जाता जाता येतो. मी तो मुद्दाम आधी घेतोय, कारण या वाटेवर सापडणाऱ्या माणसांची अडचण बहुधा गाडीची नसते. टाकीत परतीपुरतं इंधन उरलेलं नसतं आणि हातात एकही मोकळा दिवस नसतो.

पॉण्ट बंद निघाला तर

सेंडेलिंग्सड्रिफ्टहून माघारी अलेक्झांडर बेला यायचं. हे अंतर सुमारे ९० किलोमीटर, कच्च्या रस्त्याचं. अलेक्झांडर बेजवळ, नदीच्या मुखालगत ओरान्येमुंडला जाणारा पूल आहे. ओरान्येमुंड हे हिऱ्यांच्या खाणीसाठी वसवलेलं, नामिबियाच्या बाजूचं गाव. तिथे जायला पूर्वी खाण कंपनीचा परवाना लागायचा, २०१७ पासून ते सर्वांना खुलं झालं. तिथून नदीच्या उत्तर काठाने एक रस्ता रोश पिनाला, म्हणजे पॉण्टच्या पलीकडे लागणाऱ्या नामिबियातल्या गावाला जातो, सुमारे शंभर किलोमीटर. म्हणजे पॉण्ट हुकला तर दोनशे किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो आणि अर्ध्या दिवसाहून थोडा जास्त वेळ जातो. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त तेवढं इंधन आणि तेवढा उजेड हाताशी हवा. ओरान्येमुंडची सीमा रात्री बंद होते, त्यामुळे दुपारी उशिरा पॉण्टवरून परत फिरावं लागलं तर मुक्काम अलीकडेच करा. पुढचं आरक्षण चुकेल या धास्तीने संध्याकाळी त्या कच्च्या रस्त्यावर गाडी पळवणं ही या संपूर्ण प्रवासातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे.

नामिबियातल्या पहिल्या रात्रीचं आरक्षण करताना रद्द करण्याची किंवा तारीख बदलण्याची सोय आहे का, तेवढं पाहून ठेवा. विमानाच्या आदल्या दिवशी तर या वाटेने जाऊच नका.

नदीचा स्वभाव

ऑरेंज नदी लेसोथोच्या डोंगरांत उगम पावते आणि सुमारे २२०० किलोमीटर वाहत अटलांटिकला मिळते. या भागातले मूळ रहिवासी नामा लोक तिला गरीप म्हणतात. ‘ऑरेंज’ हे नाव १७७९ मध्ये रॉबर्ट जेकब गॉर्डन याने नेदरलँड्सच्या ऑरेंज राजघराण्यावरून दिलं; संत्र्यांशी किंवा पाण्याच्या रंगाशी त्याचा संबंध नाही.

प्रवाशाने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की रिख्टर्सफेल्डमध्ये पाऊस नसतानाही नदीला पूर येतो. इथे अनेक ठिकाणी वर्षभरात १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. पाणी येतं ते शेकडो किलोमीटर वरून, जिथे ऑक्टोबर ते एप्रिलच्या उन्हाळ्यात पाऊस पडतो. ऑरेंज आणि तिला मिळणारी वाल या नद्यांवरची मोठी धरणं, म्हणजे वाल, गरीप आणि व्हॅन्डरक्लूफ, भरली की दरवाजे उघडतात आणि ते पाणी खाली पोचायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. (यातल्या गरीप धरणाचं नाव नदीच्या त्या नामा नावावरूनच आलंय.) डोक्यावर निरभ्र आकाश आणि समोर तपकिरी, फुगलेली नदी, हे दृश्य त्यामुळे अगदी शक्य आहे.

याचा एक फायदाही आहे. पूर इतक्या सावकाश येतो की त्याची चाहूल आधी लागते. निघण्यापूर्वी दोन आठवड्यांपासून धरणांच्या बातम्या बघायला लागा. दक्षिण आफ्रिकेचं पाणी खातं धरणांचे साठे आणि नद्यांचा प्रवाह नियमित जाहीर करतं, आणि फियूल्सड्रिफ सेंडेलिंग्सड्रिफ्टच्या वरच्या अंगाला असल्यामुळे तिथले आकडे तुमच्या कामाचे असतात. एवढं करून निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी सेंडेलिंग्सड्रिफ्टला असलेल्या रिख्टर्सफेल्ड राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयाला फोन करा. हे दोन फोन चुकवू नका. फोनवर ‘पॉण्ट चालू आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. पाणी चढतंय की उतरतंय, काल किती वेळ बंद होता, तुमच्या गाडीची लांबी आणि वजन चालेल का, मागे ट्रेलर असेल तर घेतील का, हेही विचारा. मे ते सप्टेंबर हे महिने नदीच्या आणि उन्हाच्या दृष्टीने सोयीचे. जानेवारीत इथे तापमान चाळिशीच्या वर जातं.

सीमेबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती पाण्यावर असताना आठवावी अशी आहे. दोन देशांमधली नदी म्हटलं की सीमा पात्राच्या मध्यावर असेल असं आपण गृहीत धरतो. पण १८९० मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात जो करार झाला त्यात सीमा नदीच्या उत्तर काठावर आखली गेली. सगळं पाणी ब्रिटिशांच्या केप वसाहतीकडे गेलं आणि पलीकडच्या जर्मन वसाहतीला काठ तेवढा उरला. स्वतंत्र नामिबियाच्या १९९० च्या राज्यघटनेत मात्र दक्षिण सीमा ऑरेंज नदीच्या मध्यापर्यंत असल्याचं लिहिलं आहे. हा मतभेद अजून मिटलेला नाही. म्हणजे तराफा पाण्यावर असताना तुम्ही नेमके कुठल्या देशात आहात, याची दोन उत्तरं आहेत.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याने सर्वांत आधी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा नीट वाचावा. नामिबिया पाहून पुन्हा दक्षिण आफ्रिकेत यायचं असेल (गाडी केपटाउनला परत करायची असते, त्यामुळे बहुतेकांना यायचंच असतं), तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर तुम्ही नदी ओलांडाल, पण परत येऊ शकणार नाही. नामिबियाचा व्हिसा आधीच हातात असलेला बरा. हे छोटं ठाणं आहे. मोठ्या विमानतळावर मिळणाऱ्या सोयी इथे मिळतील असं धरून चालू नका. पासपोर्टला प्रवासानंतरही सहा महिने मुदत आणि पुरेशी कोरी पानं असू द्या.

भाड्याची गाडी असेल तर सीमा ओलांडण्याचं परवानगीपत्र कंपनीकडून आधी घ्यावं लागतं. त्यावर गाडीचा नंबर, इंजिन आणि चॅसी क्रमांक, चालकांची नावं आणि देशाचं नाव असतं. गाडी ताब्यात घेताना हे पत्र, नोंदणीची प्रत आणि मागच्या बाजूचं ‘झेड-ए’ हे देशचिन्ह, तिन्ही बघून घ्या. आणखी एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा: गाडी पॉण्टवर आणि कच्च्या रस्त्यावर असताना विमा लागू आहे का? काही करारांत टायर, काच, गाडीचं पोट आणि पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. तोंडी ‘हो’ पुरत नाही, लेखी घ्या.

दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना, लेसोथो आणि एस्वातिनी हे पाच देश एका सीमाशुल्क संघात आहेत. १९१० पासूनचा हा संघ जगातल्या सर्वांत जुन्या संघांपैकी आहे. त्याचा तुम्हाला मिळणारा लाभ असा की दक्षिण आफ्रिकेत नोंदलेल्या गाडीला कार्ने, म्हणजे परदेशात गाडी तात्पुरती नेण्यासाठीचं सीमाशुल्काचं कागदपत्र, लागत नाही. स्वतःची गाडी जहाजाने आणलेल्यांकडे कार्ने असतं. त्याची नोंद संघात शिरताना पहिल्या ठिकाणी आणि संघातून बाहेर पडताना शेवटच्या ठिकाणी होते, मधल्या सीमांवर नाही.

नामिबियात शिरताना परदेशी क्रमांकाच्या गाडीसाठी रस्त्याचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. त्याची पावती जपून ठेवा, बाहेर पडताना ती मागतात. पैसे रोख ठेवा. दक्षिण आफ्रिकी रँड नामिबियात एकास एक चालतो, त्यामुळे अलीकडे पैसे बदलायची गरज नाही. उलट मात्र नाही: नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेत कुणी घेत नाही, म्हणून परतताना ते संपवून या.

बरोबर मुलं असतील तर जन्मदाखला घ्या, आणि आईवडिलांपैकी एकच जण असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही. चालकाकडे आपल्या देशाच्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना असावा. दोन्ही देशांत गाडी डाव्या बाजूनेच चालते, तेवढा एक ताण कमी.

गाडी, हवा, इंधन

फक्त पॉण्ट गाठायचा असेल तर उंच बांध्याची गाडी पुरते. रिख्टर्सफेल्डच्या आत, द हूप, रिख्टर्सबर्ग किंवा कोकरबूमक्लूफच्या मुक्कामांकडे जायचं असेल तर फोर बाय फोरच हवी. आतल्या वाटा कोरड्या ओढ्यांच्या वाळूतून आणि खडकाळ खिंडींतून जातात. साधी सेडान उद्यानात सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

कच्च्या रस्त्यावर गाडी उलटण्याची कारणं दोन: टायरमधली जास्त हवा आणि वेग. डांबरी रस्ता संपला की थांबा आणि हवा कमी करा. साधारण १.६ ते १.८ बार. मऊ वाळूत आणखी कमी, १.२ च्या आसपास, पण मग वेगही अगदी कमी आणि वळणं सावकाश. वेग ८० च्या वर नको. पन्हाळी पडलेल्या रस्त्यावर वेग वाढवला की गचके कमी लागतात हे खरं, पण तेव्हा टायर जमिनीला जेमतेम टेकत असतात. ब्रेक दाबल्यावर ते कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. हवा भरायचा पंप आणि दाब मोजायचं साधन जवळ असू द्या. स्टेपनी शक्यतो दोन. जॅक वाळूत रुततो, म्हणून त्याच्याखाली ठेवायला फळी घ्या. गाडी ताब्यात घेताना स्टेपनी एकदा खरोखर काढून, लावून बघा. चाकाच्या नटांची किल्ली बसते का, हे तळपत्या उन्हात कळायला नको.

इंधन पोर्ट नोलोथ किंवा अलेक्झांडर बेला काठोकाठ भरा. पलीकडे भरवशाचा पंप रोश पिनाला. मधे कुठे मिळालं तर आनंद, पण त्यावर हिशेब बांधू नका. हिशेब असा करा: सेंडेलिंग्सड्रिफ्टला पोचणं, उद्यानात फिरायचं असल्यास ते फिरणं, आणि तिथून अलेक्झांडर बेला परत येणं, एवढं सगळं एका टाकीत बसलं पाहिजे. वाळूत आणि खालच्या गिअरमध्ये गाडी नेहमीच्या दीडपट पिते असं धरा.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, आणि एका दिवसाचं जादा. मोबाइलला उद्यानात रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून घ्या. आतल्या वाटांवर एकट्या गाडीने जाणार असाल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने घ्या. निदान कुठे चाललो आहोत आणि कधी परतणार हे कार्यालयात सांगून निघा.

पॉण्टपर्यंत

स्प्रिंगबॉकहून एन-७ ने स्टाइनकॉफ, तिथून डावीकडे वळून आनेनूसची खिंड उतरत पोर्ट नोलोथ. मग समुद्राला समांतर अलेक्झांडर बे. इथवर डांबर आहे. पुढचे ९० किलोमीटर कच्चे, नदीच्या अंगाने आणि खाणींच्या कडेकडेने. या पट्ट्यात दोन्ही काठांवर हिऱ्यांचं खाणकाम चालतं. कुंपणाच्या आत जाऊ नका, पाट्या गांभीर्याने घ्या आणि रस्त्यावरचे चमकणारे खडे उचलू नका. कच्चा हिरा परवान्याशिवाय जवळ बाळगणं दोन्ही देशांत गुन्हा आहे.

झाडांचंही तसंच. रिख्टर्सफेल्डमधल्या मांसल पानांच्या लहान वनस्पतींची गेल्या काही वर्षांत प्रचंड चोरी झाली आहे. बोटाच्या पेराएवढं रोप कित्येक वर्षं धुक्यातल्या ओलाव्यावर जगलेलं असतं. बी, रोप, वाळकं खोड, काहीही घेऊ नका. सीमेवर गाडी तपासतात. डोंगरउतारावर माणसासारखी उभी दिसणारी, शेंडा उत्तरेकडे कललेली झाडं दिसतील. त्यांना ‘हाफमेन्स’, अर्धमानव म्हणतात. आपली उत्तरेतली भूमी सोडून आलेले पूर्वज मागे वळून बघताना तिथेच थिजले, अशी नामा लोकांची कथा आहे. थांबून बघा, पण गाडी वाटेवरच ठेवा. इथल्या जमिनीवर चाकांचे व्रण वर्षानुवर्षं राहतात.

वेळेचं गणित असं. पॉण्ट साधारण सकाळी ८ ते दुपारी ४.१५ चालतो. ही शेवटच्या फेरीची वेळ समजा, तुमच्या पोचण्याची नव्हे. आधी कार्यालयात पॉण्टचे पैसे भरायचे, पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, पोलीस गाडी बघणार, मग काठावर रांग. एका वेळी दोनच गाड्या मावतात. पुढे चार गाड्या असतील तर तुमची पाळी तिसऱ्या फेरीला. आम्ही साडेतीनला पोचलो होतो, अजून पाऊण तास आहे अशा समाधानात. वारा सुटला होता आणि त्या दिवशीच्या फेऱ्या संपल्याचं कळलं. रात्र तिथल्या तळावर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नदी तळ्यासारखी शांत होती. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की आदल्या दिवशी सेंडेलिंग्सड्रिफ्टलाच मुक्काम करा आणि सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना जा. वारा बहुधा दुपारी वाढतो.

घड्याळ मात्र बदलावं लागत नाही. नामिबियाने २०१७ मध्ये हिवाळ्यात घड्याळ मागे घेण्याची पद्धत सोडली, तेव्हापासून दोन्ही काठांवर वर्षभर एकच वेळ असते. जुन्या पुस्तकांत एका तासाचा फरक लिहिलेला सापडेल, तो विसरा.

तराफ्यावर

काठावर पोचलात की गाडी लांब उभी करून आधी पायी खाली जा. उतरण किती तीव्र आहे, माती ओली आहे का, तराफ्याची फळी जमिनीवर नीट टेकली आहे का, पाहा. तराफा चालवणाऱ्यांना नमस्कार करा, दोन शब्द बोला. रोज त्या पाण्यावर काम करणारी माणसं आहेत ती, आणि त्यांचा शब्द अंतिम आहे. ते ‘आज नाही’ म्हणाले तर वाद घालायचा नाही.

गाडीत फक्त चालक राहील, बाकीचे पायी चढतील. फोर बाय फोर असेल तर खालचा गिअर लावा, म्हणजे ब्रेकवर कमी आणि इंजिनवर जास्त भार येतो. सीटबेल्ट काढा आणि सगळ्या काचा पूर्ण खाली करा. एरवीच्या सवयीच्या हे उलट आहे, पण पाण्यावर गाडीतून पटकन बाहेर पडता येणं महत्त्वाचं. दारं लॉक नकोत. मग इशारा करणाऱ्या माणसाकडे बघत, चालण्याच्या वेगाने, सरळ रेषेत चढा. फळीवर पुढची चाकं चढताना तराफा थोडा दबतो, हलतो. तिथे बिचकून ब्रेक मारू नका आणि उसळीही घेऊ नका. सांगतील तिथे थांबून हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा आणि चाकांना ओट लागली आहे याची खात्री करून खाली उतरा. पासपोर्ट आणि कागदांची पिशवी अंगावर असू द्या.

पलीकडे जायला काहीच मिनिटं लागतात. इंजिनाचा आवाज असतो, पण तरीही पाणी कठड्याला लागल्याचं ऐकू येतं. मागे एक देश, पुढे दुसरा, आणि दोन्हीकडचे डोंगर हुबेहूब सारखे. उतरताना घाई करू नका. तराफा काठाला नीट लागून फळी टेकल्यावरच इंजिन चालू करा आणि वरची चढण एका दमात, गिअर न बदलता चढा. ओल्या मातीवर मधेच थांबलात तर चाकं फिरत राहतील.

नामिबियाच्या काठावर

वर छोटं ठाणं आहे. अर्ज भरा, शिक्का घ्या आणि तो तिथेच वाचा: तारीख बरोबर आहे का, राहण्याचे दिवस तुमच्या योजनेपेक्षा कमी तर दिलेले नाहीत ना. चूक असेल तर नम्रपणे तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. नंतर ती दुरुस्त करायला राजधानी विंडहुक गाठावी लागू शकते. मग रस्त्याचं शुल्क आणि पावती. कच्चं मांस, दूध किंवा लाकूड बरोबर असेल तर विचारण्याआधी सांगा. जनावरांच्या साथीनुसार हे नियम बदलत राहतात, म्हणून स्वयंपाकाचं सामान पलीकडेच घ्यायचं ठरवलं तर हा प्रश्नच येत नाही.

तिथून रोश पिना वीस-पंचवीस किलोमीटर. जस्त आणि शिशाच्या खाणींचं हे गाव आहे. पंप आहे, दुकानं आहेत. टाकी भरा आणि मग ठरवा. उत्तरेला आउसपर्यंत सुमारे १६५ किलोमीटर डांबरी रस्ता आहे, तिथून पश्चिमेला लुडेरिट्झ. फिश रिव्हर कॅन्यन बघायचं असेल तर सी-१३ ने नदीकाठाने पूर्वेकडे जा आणि पुढे सी-३७ ने आय-आयसच्या गरम झऱ्यांकडे वळा. मला ही दुसरी वाट जास्त आवडते. सकाळी ओलांडलेली नदी उजव्या हाताला बराच वेळ सोबत राहते आणि पलीकडे रिख्टर्सफेल्डचे तेच डोंगर आता दुसऱ्या देशातून दिसतात. ती कच्ची आहे आणि पावसानंतर ओढ्यांनी तुटलेली असू शकते, म्हणून रोश पिनाच्या पंपावर विचारून निघा. तसं निघणार असाल तर टायरमध्ये हवा भरू नका. आउसकडे जाणार असाल तर मात्र पंपावरच पुन्हा पूर्ण भरून घ्या.